मामा, ही चोरी नाहीये का? ‘चीट कोड्स’ अल्बम आणि सॅम्पलची भानगड

गणपतीत भाचा आला होता घरी, बारावीला आहे, कानात दिवसभर इअरफोन. मी किचनमध्ये सारण ढवळत होतो आणि स्पीकरवर ‘चीट कोड्स’ लावला होता. पहिलंच गाणं सुरू झालं, त्यात सुरुवातीला एक बाई गाते, तर हा इअरफोन काढून आत आला आणि म्हणाला मामा, हे कुठलं जुनं लावलंयस? म्हटलं जुनं नाही, २०२२ चं आहे. तर म्हणे छे, ही बाई कुठल्या काळातली वाटतेय बघ. म्हटलं बाई जुनीच आहे, तिचा तुकडा उचललाय. मग त्याने तो प्रश्न विचारला ज्याच्यामुळे हा लेख लिहायला बसलोय, की उचललाय म्हणजे ढापलाय ना? मग ही चोरी नाहीये का?

तर हो आणि नाही. उत्तर जरा लांब आहे, पण ते कळलं की हा अल्बम का भारी आहे आणि असे अल्बम चाळिशी-पन्नाशीची माणसंच का करू शकतात हे पण कळतं, म्हणून अगदी मुळापासून सांगतो. हिप-हॉप, म्हणजे रॅपवालं संगीत, ऐकत नसाल तरी चालेल, तबला-पेटी ऐकली असेल तर तुम्ही उलट पुढेच आहात.

आधी माणसं. ‘चीट कोड्स’ १२ ऑगस्ट २०२२ ला आला, दोघांच्या नावावर आहे, डेंजर माउस आणि ब्लॅक थॉट. नावं ऐकून हसू नका, हिप-हॉपमध्ये टोपणनाव घ्यायचीच पद्धत आहे, आपल्याकडे कवी घेतात तसं. ब्लॅक थॉट म्हणजे तारिक ट्रॉटर, फिलाडेल्फियाचा, ‘द रूट्स’ या ग्रुपचा रॅपर, म्हणजे ठेक्यावर यमकं जुळवत बोलणारा. रूट्सची सुरुवात १९८७ ची, तारिक आणि ड्रमर क्वेस्टलव्ह एकाच शाळेत होते तेव्हाची. अमेरिकेत जिमी फॅलनचा रात्रीचा टॉक शो लागतो ना, त्यात मागे वाजवणारा बँड म्हणजे हेच, २००९ पासून. म्हणजे हा माणूस कित्येक वर्षं नोकरीसारखा टीव्हीवर येतोय आणि तरी बाहेरच्या खूप लोकांना माहीत नव्हतं की हा जगातल्या सगळ्यात तयारीच्या रॅपर्सपैकी एक आहे. डिसेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेडिओ शोमध्ये तो दहा मिनिटं सलग, मध्ये कुठेही न थांबता रॅप करत राहिला, तो व्हिडिओ सगळीकडे फिरला तेव्हा लोकांची ट्यूब पेटली.

डेंजर माउस म्हणजे ब्रायन बर्टन, हा गात नाही, रॅप करत नाही, हा प्रोड्यूसर. आणि इथेच आपल्याकडे गोंधळ होतो, कारण आपल्याकडे प्रोड्यूसर म्हणजे निर्माता, पैसे घालणारा, मुहूर्ताला नारळ फोडणारा. हिप-हॉपमध्ये प्रोड्यूसर म्हणजे खरं तर संगीतकार, संगीत संयोजक आणि निम्मा रेकॉर्डिस्ट असा सगळा एकच माणूस. रॅपर शब्द आणतो, प्रोड्यूसर बाकी सगळं. त्या बाकी सगळ्याला ‘बीट’ म्हणतात. बीट म्हणजे फक्त ठेका नाही, ठेका, बास, सूर, मागे ऐकू येणारी ती बाई, सगळं मिळून बीट.

आता नेहमीच्या रॅप अल्बममध्ये काय असतं, रॅपर एक आणि प्रोड्यूसर दहा. नास या रॅपरचा १९९४ चा पहिला अल्बम खूप गाजला आणि त्यात वेगवेगळ्या गाण्यांना वेगवेगळे नावाजलेले प्रोड्यूसर होते, त्यानंतर ही पद्धत फारच रुळली. ज्याचं बीट आवडेल त्याचं घ्यायचं. सिनेमात पाच गाणी आणि चार संगीतकार असतात ना, तसं. गाणी हिट होतात पण सिनेमाचा एक सूर लागत नाही. याच्या उलट एक रॅपर आणि एकच प्रोड्यूसर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोघंच. म्हणजे गदिमांचे शब्द आणि बाबूजींच्या चाली, ५६ गाणी, मध्ये तिसरा संगीतकार नाही, आकाशवाणीवर वर्षभर ते चाललं ते त्या एकसंधपणामुळेच. हिप-हॉपमध्ये ही जोडीची परंपरा जुनी आहे, एरिक बी आणि रकीम १९८७ पासून, मग गुरू आणि डीजे प्रीमियर, आणि २००४ मध्ये रॅपर एमएफ डूम आणि प्रोड्यूसर मॅडलिब यांचा ‘मॅडव्हिलनी’, ज्याला आजही लोक या प्रकाराचं शिखर मानतात. ‘चीट कोड्स’ याच रांगेत बसतो.

बरं, आता सॅम्पल.

सॅम्पल म्हणजे जुन्या रेकॉर्डवरचा एक तुकडा कापून घ्यायचा आणि तो आपल्या गाण्यात वापरायचा. चाल उचलणं वेगळं, हे त्याहून वेगळं. चाल उचलली की तुम्ही ती पुन्हा वाजवता किंवा गाता, सॅम्पलमध्ये तुम्ही तो मूळ आवाजच घेता, त्या दिवशी त्या स्टुडिओत त्या बाईने जो श्वास घेतला तो श्वाससुद्धा. माझ्या भाच्याला जी जुनी वाटली ती ग्वेन मॅक्रे, फ्लोरिडाची सोल गायिका, तिच्या एका गाण्याचा तुकडा अल्बमच्या पहिल्या गाण्यात, ‘समटाइम्स’मध्ये आहे. पुढे ‘नो गोल्ड टीथ’मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू मसेकेलाच्या रेकॉर्डमधला तुकडा आहे, ‘सॉल्टवॉटर’मध्ये सत्तरच्या दशकातल्या एका इटालियन रॉक बँडचा आहे. म्हणजे फ्लोरिडा, आफ्रिका, इटली, आणि त्यावर फिलाडेल्फियाचा माणूस बोलतोय, आणि ऐकताना कुठेही सांधा दिसत नाही. रफू चांगलं केलं की कापड कुठे फाटलं होतं ते कळत नाही, तसं.

कापतात कसं? ऐंशीच्या दशकात यासाठी खास मशीन आली, त्यातलं एसपी-१२०० नावाचं १९८७ चं मशीन फार गाजलं, आणि गंमत बघा, त्याच्यात सगळं मिळून साधारण १० सेकंदांचाच आवाज मावायचा. दहा सेकंद! आपल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गुड मॉर्निंग व्हॉइस नोटला पुरणार नाहीत. मग पोरांनी जुगाड काढला, ३३ च्या स्पीडची रेकॉर्ड ४५ वर पळवायची म्हणजे तोच तुकडा कमी वेळात आत जातो, आणि मशीनमध्ये गेल्यावर परत हळू करायचा. यात आवाज जरा खरखरीत, जाडसर व्हायचा, आणि तो खरखरीतपणाच लोकांना इतका आवडला की आज कॉम्प्युटरवर कितीही तासांचा आवाज मावत असताना लोक मुद्दाम तसा खराब करून घेतात. लोणचं मुरल्यावर लागतं तसं काहीतरी.

मग तो तुकडा परत परत फिरवायचा, याला लूप म्हणतात. आणि लूप म्हणजे काय हे मराठी माणसाला मी एका शब्दात सांगू शकतो, लेहरा. तबल्याचा सोलो ऐकलाय ना, पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच छोटी सुरावट आवर्तनामागून आवर्तन तशीच वाजवत राहतो, काही बदलत नाही, बदलायचंच नाही, आणि त्या न बदलणाऱ्या गोष्टीवर तबलजी कायदे, रेले, तुकडे सगळं मांडतो. लेहरा हलला तर तबलजी पडला. अगदी हेच रॅपमध्ये आहे, बीट म्हणजे लेहरा आणि रॅपर म्हणजे तबलजी, फक्त बोल हाताने न वाजवता तोंडाने, म्हणजे पढंतच समजा. ज्यांना वाटतं रॅपमध्ये संगीत नाही नुसती बडबड आहे, त्यांना मी पढंत ऐकायला सांगतो आणि मग विचारतो की ही पण बडबड का.

हिशोबही तसाच असतो. रॅपमध्ये ४ मात्रांचा एक ‘बार’ आणि साधारण १६ बारचं एक कडवं, त्याला ‘व्हर्स’ म्हणतात. म्हणजे ६४ मात्रा, म्हणजे तीनतालाची बरोबर ४ आवर्तनं. मिनिटाला ९० मात्रांची लय धरली तर एक व्हर्स जेमतेम ४३ सेकंदांचा होतो. त्या ४३ सेकंदांत काय ते सांगायचं. ब्लॅक थॉट काय करतो तर हे १६ चं कुंपण मोडतो, तो हूक म्हणजे धृवपदाची वाटच बघत नाही, बोलतच राहतो, आणि तरी समेवर बरोब्बर येतो. कधी जरा मागे रेलून, मात्रा पडून गेल्यावर किंचित उशिरा शब्द टाकतो आणि आपल्याला वाटतं आता चुकला, आणि तो चुकलेला नसतो.

आता यात एक मजेशीर उलटापालट आहे जी मला या अल्बममधली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट वाटते. रूट्स हा हिप-हॉपमधला लाइव्ह वाजवणारा ग्रुप म्हणून प्रसिद्ध, म्हणजे ब्लॅक थॉटने उमेदीची सगळी वर्षं खऱ्या ड्रमरच्या पुढे उभं राहून काढली, जो ड्रमर ह्याचं ऐकतो, हा चढला की तोही चढतो. इथे ‘चीट कोड्स’मध्ये मागे जे वाजतंय ते काही दशकांपूर्वी वाजून झालेलं आहे, ते ह्याच्याकडे बघणार नाही, ह्याला सांभाळून घेणार नाही. गाण्यातलं सगळं हलणं, चढणं, उतरणं ह्या एकट्यालाच करावं लागतं. आणि डेंजर माउसने मुद्दाम बीटमध्ये फार कमी केलंय, खूप ठिकाणी तर ठेका इतका मागे ठेवलाय की लूपच लय सांभाळतो. नवशिक्या प्रोड्यूसर घाबरतो, भरत जातो, अजून एक ड्रम, अजून एक आवाज. थांबायचं कुठे हे कळायला वय जावं लागतं, स्वयंपाकातही तसंच.

यमकाचं पण सांगून टाकतो. आपल्याला वाटतं यमक म्हणजे शेवटचं अक्षर जुळलं की झालं. मोरोपंत वाचलेल्यांना माहितीये की तसं नाही, पंतांना अख्खाच्या अख्खा अक्षरांचा गठ्ठा जुळवायचा सोस होता, शाळेत आपण त्यांना त्यावरून नावं ठेवायचो. रॅपमध्ये नेमका तोच सोस आहे. मी आपलं एक गावठी उदाहरण बनवतो: ‘वादळात सापडलो, गोंधळात आपटलो’. इथे फक्त शेवटचा ‘लो’ नाही जुळत, ‘ळात’ पण जुळतंय आणि ‘सापडलो-आपटलो’च्या आतले स्वर सुद्धा जुळतायत. हे दोन ओळींपुरतं मला पाच मिनिटं लागली. ब्लॅक थॉट हे वीस-वीस ओळी करतो आणि वर त्यात अर्थ ठेवतो, इतिहास, फिलाडेल्फिया, कातडीचा रंग, बाप नसणं, सगळं. इंग्रजी पटकन पकडायला जड जातं हे मान्य, पहिल्यांदा ऐकताना अर्थाच्या मागे लागू नका, नुसतं यमकांकडे कान द्या. तराणा ऐकताना आपण अर्थ विचारतो का?

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो, चोरी.

कुठल्याही रेकॉर्डमध्ये हक्क दोन असतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. एक हक्क रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्द ज्याने लिहिले त्याचा किंवा त्याच्या प्रकाशकाचा. दुसरा हक्क त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा, तो बहुतेक वेळा कंपनीचा असतो. समजा घर आणि त्या घराचा फोटो. घर एकाचं, फोटो दुसऱ्याने काढलाय. तुम्ही फक्त चाल घेऊन नव्या वादकांकडून वाजवून घेतलीत तर एकाच हक्काची परवानगी लागते. पण सॅम्पल घेतलंत, म्हणजे तो फोटोच कापून चिकटवलात, तर दोघांकडे जावं लागतं, आणि दोघांपैकी एकजण जरी नाही म्हणाला तरी संपलं. वर ठरलेला सरकारी रेट वगैरे काही नाही, समोरचा मागेल ते. कुणी एकरकमी मागतो, कुणी नव्या गाण्याच्या कमाईतला वाटा मागतो, आणि एकाच गाण्यात तीन सॅम्पल असली आणि तिघांनी प्रत्येकी निम्मा वाटा मागितला तर काय होईल ते तुम्हीच करा गणित.

सुरुवातीला हे कुणी विचारायचं नाही. १९८९ मध्ये डे ला सोल नावाच्या ग्रुपने ढिगाने सॅम्पल वापरून पहिला अल्बम काढला, मग ‘द टर्टल्स’ नावाच्या जुन्या बँडने त्यांच्यावर केस केली. आणि नंतरच्या काळात ह्या परवानग्यांच्या गुंत्यात तो अल्बम इतका अडकला की बाकी सगळं जग स्ट्रीमिंगवर गेलं तरी तो तिथे नव्हता, तो आला थेट मार्च २०२३ मध्ये, आणि ग्रुपमधला एकजण, ट्रुगॉय, त्याच्या तीनच आठवडे आधी गेला. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

मोठा दणका १९९१ चा. बिझ मार्की नावाच्या रॅपरने गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगी न मिळता वापरला, न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या आज्ञेने केली, चोरी करू नकोस. अल्बम बाजारातून मागे घ्यावा लागला. त्या दिवसापासून कंपन्यांचे वकील स्टुडिओत डोकावायला लागले. मग २००५ मध्ये आणखी एक निकाल आला, त्यात तुकडा होता फक्त दोन सेकंदांचा गिटारचा, तो पण सूर खाली आणून, ताणून, फिरवून वापरलेला, म्हणजे मूळ वाजवणाऱ्यालाही ओळखू येईल की नाही शंका, आणि कोर्ट म्हणालं परवाना घ्या नाहीतर सॅम्पल करू नका, विषय संपला. पुढे २०१६ मध्ये दुसऱ्या एका कोर्टाने मॅडोनाच्या गाण्यातल्या पाव सेकंदापेक्षा कमी तुकड्याबद्दल उलटा निकाल दिला, की इतकंसं चालतं. म्हणजे अमेरिकेत तुम्ही कुठल्या भागात आहात त्यावर ठरतं, आणि मोठ्या कंपन्या म्हणतात रिस्क नको, पैसे भरा.

आपला यात संबंध नाही असं वाटत असेल तर थांबा. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं एक गाणं अमेरिकेत जोरात चाललं, त्यात रॅप करायला रकीम होता, म्हणजे वर ज्या जुन्या जोडीचं नाव घेतलं त्यातलाच, गाणं बनवलं होतं डीजे क्विकने आणि कंपनी डॉक्टर ड्रेची. आणि गाण्यात मागे कोण गात होतं? आपल्या लतादीदी. ‘ज्योती’ सिनेमातलं १९८१ चं ‘थोडा रेशम लगता है’, संगीत बप्पी लाहिरी. परवानगी नाही, श्रेय नाही, काही नाही. बप्पीदा कोर्टात गेले, सारेगामा कंपनीनेही केस टाकली, आणि फेब्रुवारी २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने सांगितलं की बप्पी लाहिरींचं नाव टाकल्याशिवाय ही सीडी विकायची नाही. तेव्हा आमच्या घरी पेपरमध्ये ही बातमी मोठ्याने वाचली गेली होती, वडील म्हणाले बरी जिरली. मी तेव्हा मनातल्या मनात म्हणत होतो की पण गाणं काय झालंय यार. दोन्ही खरं आहे, आणि सॅम्पलबद्दल माझं मत आजही साधारण तेवढंच आहे. त्यांनी चोरी केली, आणि गाणं कमाल झालं. नाव आणि पैसे दिले असते तर फक्त दुसरा भाग उरला असता.

आता यात डेंजर माउसचा स्वतःचा इतिहास आणून ठेवा म्हणजे मजा कळेल, कारण हा गडी याच भानगडीतून प्रसिद्ध झाला. २००४ च्या सुरुवातीला त्याने एक उद्योग केला, जे-झी या रॅपरच्या ‘ब्लॅक अल्बम’मधला नुसता आवाज घेतला आणि बीटल्सच्या १९६८ च्या पांढऱ्या कव्हरच्या अल्बममधून सगळे ड्रम, गिटार, सगळं बारीक कापून त्याखाली बसवलं. काळा अधिक पांढरा म्हणून नाव ‘ग्रे अल्बम’. परवानगी कुणाची? कुणाचीच नाही. साधारण ३००० कॉपी काढल्या, बीटल्सच्या रेकॉर्डिंगचे हक्क असलेल्या ईएमआय कंपनीने नोटीस पाठवली, थांबव म्हणून. त्यावर चिडून २४ फेब्रुवारी २००४ ला शंभराहून जास्त वेबसाइट्सनी तो अल्बम एक दिवस फुकट ठेवला, निषेध म्हणून, आणि लोकांनी बदाबदा उतरवून घेतला. डेंजर माउसला त्यातून विक्रीचा एक रुपया मिळण्याचा प्रश्नच नव्हता, पण नाव असं झालं की पुढच्याच वर्षी गोरिलाझ या बँडचा अल्बम त्याच्याकडे, मग २००६ ला ‘क्रेझी’ हे गाणं, जे तुम्ही कुठल्यातरी मॉलमध्ये नक्की ऐकलंय, मग ब्लॅक कीज हा रॉक बँड, आणि २०११ मध्ये वर्षातला सर्वोत्तम प्रोड्यूसर म्हणून ग्रॅमी.

आणि ब्लॅक थॉटबरोबर अल्बम करायचा हे त्याच सुमारास ठरलेलं, ‘ग्रे अल्बम’नंतर थोड्याच काळात, नावसुद्धा ठरवलेलं होतं ‘डेंजरस थॉट्स’. झालाच नाही. २००५ मध्ये डेंजर माउसने एमएफ डूमबरोबर एक अख्खा अल्बम केला आणि त्यानंतर पूर्ण लांबीचा हिप-हॉप अल्बम त्याने केला तो थेट हाच, जवळजवळ १७ वर्षांनी. मधल्या काळात रॉक, पॉप, सगळं.

मला विचाराल तर उशीर झाला ते बरं झालं. २००५ चा डेंजर माउस हुशार होता, चमत्कार करून दाखवायची त्याला खाज होती, बघा मी बीटल्स आणि जे-झी एकत्र आणले. २०२२ चा डेंजर माउस काही दाखवत नाहीये. आणि व्यवहाराचं बघा ना, ज्या माणसाचा पहिला गाजलेला उद्योग नोटिशीने बंद पडला तोच माणूस आता बीएमजीसारख्या मोठ्या कंपनीकडून अल्बम काढतो आणि क्रेडिटमध्ये ग्वेन मॅक्रेपासून सगळ्यांची गाणी लिहिलेली असतात. हे एखाद्या विशीतल्या मुलाला जमेल का? कल्पना असेल, कान असेल, पण इटलीतल्या पन्नास वर्षं जुन्या बँडचे हक्क आज कुणाकडे आहेत ते शोधायचं, त्यांना पटवायचं, थांबायचं, पैसे मोजायचे, यासाठी मागे नाव लागतं आणि घाई नसावी लागते. ब्लॅक थॉटला टीव्हीची नोकरी, डेंजर माउसकडे हिट गाण्यांची कमाई, दोघांपैकी कुणाचंही घर या अल्बमवर चालणार नव्हतं. म्हणूनच बहुतेक त्यात फक्त १२ गाणी आहेत आणि सगळं ४० मिनिटांच्या आत संपतं. हल्ली रॅप अल्बम २०-२५ गाण्यांचे काढतात कारण जितकी गाणी तितके प्ले, आणि निम्मी गाणी नुसती भरताड असतात, तुम्हालाही माहितीये मलाही माहितीये.

पाहुणे पण मोजके आणि बहुतेक जुन्या ओळखीतले वाटतात. ‘द डार्केस्ट पार्ट’मध्ये वू-टँग क्लॅन या ग्रुपचा रेक्वॉन. ‘स्ट्रेंजर्स’मध्ये एसॅप रॉकी आणि रन द ज्युवेल्सची जोडी, एकामागून एक बॅटिंग करतात. ‘अ‍ॅक्वामरीन’मध्ये धृवपद मायकल किवानुका गातो, त्याचे स्वतःचे अल्बम डेंजर माउसने केलेत त्यामुळे तो आवाज कसा ठेवायचा हे त्याला पाठ आहे, अल्बममधलं माझं सगळ्यात आवडतं हेच, आभाळ भरून आल्यासारखं वाटतं. ‘बिकॉज’ ठीक आहे, माझं मत, शिव्या घालू नका.

आणि ‘बेलीझ’. त्यात एमएफ डूम आहे, जो ३१ ऑक्टोबर २०२० ला गेला, आणि जगाला ते कळलं ३१ डिसेंबरला. चेहऱ्यावर धातूचा मुखवटा घालून फिरायचा, डूम झाल्यापासून सहसा फोटोला तोंड दिलं नाही, जाताना पण दोन महिने कुणाला पत्ता नाही. त्याचं आधी कधी रेकॉर्ड होऊन राहिलेलं कडवं डेंजर माउसकडे होतं, ते त्याने इथे ठेवलंय. ना त्याला श्रद्धांजलीचं गाणं केलं, ना मागे रडकी व्हायोलिनं घातली, डूम नेहमीसारखा आळसावलेल्या आवाजात येतो, शब्दांशी खेळतो आणि जातो. ब्लॅक थॉटही त्याच्याबरोबर जोडीदारासारखा रॅप करतो. ऐकताना मला जाणवलं की डूमचा आवाज आणि ग्वेन मॅक्रेचा आवाज, दोन्ही आता एकाच प्रकारची गोष्ट झालीयेत, कधीतरी कुठल्यातरी खोलीत रेकॉर्ड झालेलं काहीतरी जे कुणीतरी जपून ठेवलं आणि नंतर योग्य जागी लावलं.

असे जोडीने केलेले अल्बम मधूनमधून येत असतात हल्ली. ब्लॅक थॉटनेच २०२३ मध्ये ‘ग्लोरियस गेम’ नावाचा दुसरा काढला, त्यात एल मिशेल्स अफेअर हा बँड स्वतःच वाजवून मग स्वतःचंच कापून लूप करतो, म्हणजे परवानगीची कटकट नाही, आपलंच घर आपलाच फोटो. डिसेंबर २०२५ मध्ये नास आणि डीजे प्रीमियर यांचा अख्खा अल्बम शेवटी एकदाचा आला, ज्याची लोक कित्येक वर्षं वाट बघत होते. तो ज्या ‘मास अपील’कडून आला त्याच कंपनीने २०१९ मध्ये भारतात मुंबईचा रॅपर डिव्हाइन याला घेऊन काम सुरू केलं होतं, म्हणजे धागा अंधेरीपर्यंत येतो बघा.

ऐकायचं असेल तर ‘अ‍ॅक्वामरीन’पासून सुरू करा, मग ‘नो गोल्ड टीथ’, त्यात लेहऱ्याची गोष्ट लगेच कळेल, मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग. इअरफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर नको, बास सगळा वाया जातो.

भाच्याला मी हे सगळं दोन हप्त्यांत सांगितलं, अर्धं मोदक करताना आणि अर्धं विसर्जनाच्या ट्रॅफिकमध्ये. लेहऱ्याचं त्याला लगेच पटलं कारण लहानपणी दोन वर्षं तबल्याच्या क्लासला जायचा. दोन हक्कांचं गणित त्याला बोअर झालं. परवा त्याचा मेसेज आला, ग्वेन मॅक्रेचं मूळ गाणं शोधून ऐकलं त्याने, लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, मामा तुझ्या त्या दोघांपेक्षा ही बाईच जास्त भारी आहे.